सुदाम पंचाचा पांढरा शर्ट

किन्हवलीच्या सुदाम विशेला कशाकशाची किळस येते ते विचारत बसू नका, दिवस मावळेल. कशाची येत नाही ते विचारा, उत्तर चटकन संपेल. दुकानदारानं प्लास्टिकची पिशवी सुटी करायला बोट जिभेला लावलं, की हा घेतलेलं सामान तिथंच टाकून चालता होतो. टपरीवरच्या एकाच बादलीत बुचकळून काढलेल्या ग्लासातला चहा त्यानं उभ्या जन्मात घेतला नाही. लग्नाच्या पंगतीत बसला की आधी पत्रावळ उजेडाकडे धरून बघणार, मग पाण्यानं पुसणार, मग स्वतःच्या रुमालानं पुसणार, आणि तोवर वाढपी पुढं निघून गेलेला असायचा. "सुदामभाऊ आज पण उपाशी उठणार," असं लोक म्हणायचे आणि तो खरोखरच उपाशी उठायचा.

घरातही तेच. दुधाची साय चमच्याला लोंबली की याला ओकारी. भातात केस सापडला की ताट कुत्र्यापुढं. गेल्या पावसाळ्यात भाताची लावणी चालू होती, तेव्हा त्याच्या बायकोच्या, गोदीच्या, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. दिवसभर चिखलात हात राहिले की कातडी पांढरी पडून सोलते, कुणालाही होतं ते. गोदी भात वाढायला वाकली आणि याचं तिकडे लक्ष गेलं. "शी! त्या हातानं नको वाढू गो," म्हणाला, ताट मागं ओढलं आणि डावानं आपला आपण भात घेतला. गोदीनं हात पदराखाली घेतला. झालं, जेवण पुढं चालू. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि कुणी त्याला तसं सांगितलंही नाही.

पण सगळ्यात जास्त तिटकारा थुंकणाऱ्यांचा. पुडी फाडून तोंडात रिकामी करायची, गाल फुगवायचा आणि दिसेल त्या कोपऱ्यात पिचकारी मारायची, ही जात बघितली की याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा शहापूरच्या एस.टी. स्टँडवर एका चांगल्या धडधाकट गड्याला यानं त्याची स्वतःची पिचकारी स्वतःच्याच बाटलीतल्या पाण्यानं धुवायला लावली. गाडी सुटली तरी बेहत्तर. पुढं तो गडी कुठंही सुदामला बघितलं की तोंड मिटून घ्यायचा.

एवढा नाक मुरडणारा माणूस लोकांनी सहन का केला? तर कबड्डीमुळे. तरुणपणी सुदाम चांगला खेळायचा. गुडघा गेला तसा पंचांची परीक्षा देऊन पंच झाला. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत गावोगावी सामने होतात, तिथं पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि गळ्यात शिट्टी असा सुदाम रेषेवर उभा. चढाई करणाऱ्याच्या पायाचं बोट रेषेपलीकडे टेकलं का नाही, ते भर धुळीत याला दिसायचं. कुणाच्या बापाला भ्यायचा नाही, कुणाचा चहा घ्यायचा नाही. चहा न घेण्याचं कारण बादलीतले ग्लास हेही होतं, पण लोक त्याला प्रामाणिकपणा म्हणायचे, आणि यानं कधी त्यांची समजूत घालवली नाही.

आणि त्याचे कपडे! खुंटीला अडकवलेला शर्ट आतून कुणी उभं असल्यासारखा दिसायचा. ती करामत गोदीची. भात वेळला, म्हणजे निथळला, की निघालेली पेज थोडी मीठ घालून प्यायला ठेवायची, उरलेली फडक्यातून गाळून घमेल्यात घ्यायची, त्यात याचे पांढरे कपडे बुचकळायचे, घट्ट पिळायचे आणि सुरकुती न पडता ताणून वाळत टाकायचे. कोळशाची इस्त्री मात्र सुदाम स्वतः फिरवायचा. बाजारातल्या इस्त्रीवाल्याकडे कपडे द्यायचा प्रश्नच नव्हता. तो म्हातारा तोंडात पाणी घेऊन कपड्यावर फुर्रकन फवारा मारतो, हे सुदामनं एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर त्या गल्लीतून जाणंही बंद.

दिवाळीला मुलगा, रितेश, वाफेची इस्त्री घेऊन आला. तो भिवंडीला गोदामात कामाला आहे. निळी, गुळगुळीत, पोटात पाणी भरायची टाकी, बुडाला वाफेची भोकं. "बाबा, आता कोळसा नको, राख नको, ठिणगी उडायची भीती नको." सुदामनं ती उलटीपालटी करून बघितली, वास घेऊन बघितला, आणि चक्क नावं ठेवली नाहीत. त्या घरात नव्या वस्तूचा याहून मोठा सत्कार आजवर झालेला नाही.

गोदीनंही बोलून घेतलं, "वाफेची हाय ना? मग आता पेज कशाला? वाफेनं बसतील कापडां."

बसले, पण कडक होईनात. पहिल्याच सामन्याला पँट दुपारपर्यंत गुडघ्यावर लोंबली. सुदामची कटकट सुरू झाली. लिबलिबीत शर्ट, लिबलिबीत कॉलर, पंच आहे का पालापाचोळा! आठवडाभर हे ऐकल्यावर पुढच्या खेपेला शर्ट थोडा बरा कडक झाला. सुदाम गप्प बसला. इस्त्रीत पाणी भरून ठेवायचं काम गोदीचं होतं, जसं आंघोळीचं पाणी काढायचं, तसंच. यानं यायचं, बटण चालू करायचं आणि इस्त्री फिरवायची.

मग ती गळायला लागली. आधी नुसते थेंब. सुदामनं दुर्लक्ष केलं. आणि खर्डीच्या सामन्याला घात झाला. पहाटे घाईघाईत, मिणमिणत्या दिव्याखाली शर्ट इस्त्री केला, घातला, निघाला. उन्हात मैदानावर उभा राहिला तर बायकांच्या घोळक्यातून खुसखुस ऐकू आली. मग पोरं. "पंच, कंची पुडी खाता?" सुदामनं खाली बघितलं. पांढऱ्याशुभ्र शर्टावर, ऐन छातीवर, तपकिरी थेंबांची रांग. वर एक ओघळ. अगदी पिचकारीच. म्हणजे बोला आता! ज्यानं जन्मभर थुंकणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडली, त्याच्याच छातीवर पिचकारी, आणि भोवती सगळं खर्डी हसतंय.

पंचांच्या नेमणुका बघणारे मुरबाडचे हेमंत मास्तर तिथंच होते. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सुदाम, तू पण सुरू केलीस?"

सुदामला वाटलं, इथंच जमीन दुभंगावी. तो शपथा घेत राहिला, इस्त्री, इस्त्री म्हणत राहिला, आणि जितकं सांगावं तितकं ते खोटं वाटत गेलं.

याच हेमंत मास्तरांचा आठ-दहा दिवसांनी फोन आला. मुरबाडला रविवारी मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना. कबड्डीत मैदानातल्या मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. इतकी वर्षं सुदाम रेषेवरचा पंच होता, सरपंच म्हणून अंतिम सामन्याला त्याला कधी कुणी उभं केलं नव्हतं.

"या वेळी तू सरपंच," मास्तर म्हणाले. "पण कापडां बघून ये हां. बाहेरगावचे पाहुणे येणार हायेत. खर्डीसारखी शोभा झाली, तर मला तुला उभा करता येणार नाय. आणि पुढच्या वेळेचं पण मग मी काय सांगत नाय."

सुदामनं नवा पांढरा शर्ट शिवून आणला. खर्डीचा जुना शर्ट कितीही घासला तरी त्याच्या छातीवरचे डाग गेले नव्हते. शनिवारी दुपारी त्यानं ओटीवर घोंगडी अंथरली, तिच्यावर चादर, आणि इस्त्रीला असा सामोरा बसला जसा फौजदार चोरासमोर बसतो. जुना शर्ट पसरला, इस्त्री टेकवली. फुस्स करून वाफ आली, आणि पाठोपाठ भोकांतून तपकिरी लाळ.

"शी! शी शी शी!"

त्यानं रितेशला फोन लावला. रितेश जेवायच्या सुट्टीत होता.

"बाबा, अर्धवट गरम असताना वाफ सोडली तर पाणी गळतं. दिवा विझेस्तोवर थांबा, मग बटण दाबा."

सुदाम थांबला. दिवा विझला. बटण दाबलं. लाळ.

"खुणेच्या वर पाणी भरलंय का?"

"नाय."

"आडवी ठेवता का? उभी ठेवायची, नायतर भोकांतून उतरतं."

"उभीच हाय रे!"

"मग बोअरच्या पाण्याचा क्षार बसला असेल आत. भोकं तुंबली की असंच होतं."

सुदामनं बूड निरखून बघितलं. क्षार त्याला ठाऊक होता. मोरीतल्या नळाला बसतो, हंड्याला बसतो, पांढरा, खडूसारखा. हे पांढरं नव्हतं. भोकांच्या कडेला काळपट, चिकट काहीतरी साचलं होतं. नखानं टोकरलं तर ताणलं गेलं. ताणलं गेलं! त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यानं ते नख साबणानं तीनदा धुतलं.

रितेशनं शेवटचा उपाय सांगितला. टाकी साफ पाण्यानं भरायची, पुरती गरम करायची, प्लग काढायचा, मोरीवर नेऊन आडवी धरायची, साफ करायचं बटण दाबून ठेवायचं आणि हलवायची. आतली घाण वाफेबरोबर निघून येते.

तसं त्यानं केलं. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये, इस्त्री दोन्ही हातांत. बटण दाबलं, हलवली. आधी खळखळ झाली, मग आत काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि भोकांतून काळ्या-तपकिरी रंगाचे शेंबडासारखे लोंबते तुकडे मोरीत पडायला लागले. पातळ कातड्यासारखं काहीतरी एका भोकात अडकून लोंबत राहिलं. आणि वास! तो वास नाकात नाही, थेट घशात शिरला. नासकं, आंबलेलं, त्यावर करपलेलं. सुदामनं इस्त्री मोरीत टाकली, दारात धावला आणि भिंतीला हात टेकून कोरड्या ओकाऱ्या काढल्या.

पाल. पहिला विचार तोच आला. आत पाल मेली, शिजली, आणि तिचं ते हे, महिनाभर आपल्या शर्टावर फिरतंय. खर्डीला तेच छातीवर घेऊन उभा होतो. त्याला अंगातला शर्ट काढून फेकावासा वाटला. त्यानं काढून फेकलाही.

दुसरा विचार त्याहून घाण. त्यानं खाली पडलेला फोन उचलला. रितेश अजून लाइनवर होता.

"रितेश, ही इस्त्री नवी हाय का रे?"

"म्हणजे?"

"तुमच्या गोदामात लोकांनी परत पाठवलेला माल येतो, तू सांगितलंयस मला. वापरलेला. कुणाची तरी उष्टी इस्त्री बापाच्या गळ्यात मारलीस का?"

पलीकडे कुणीतरी हातगाडी ओढत गेल्याचा आवाज आला. मग रितेश बोलला तो अगदी सपाट आवाजात. "पगारातनं दुकानात जाऊन घेतली मी, बाबा. सील तुमीच फोडलंत दिवाळीला." आणि फोन ठेवून दिला.

फोडलं होतं खरं. सुदामला आठवलं, पण माघार घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो तणतणत पुन्हा मोरीत गेला. पाल असेल तर हाडं सापडतील, म्हणून काडीनं ती घाण उकरायला लागला. एका हातानं नाक दाबलेलं. हाड सापडेना. शेपूट सापडेना. त्यानं नाकावरचा हात जरासा सैल केला, आणि आता तो वास जरा ओळखीचा वाटला. करपल्याखाली आंबट. आंबटाखाली भात. लहानपणी शेतावर डब्यात राहून गेलेल्या पेजेला दुसऱ्या दिवशी येतो, तो वास.

"गोदे!"

गोदी चुलीपाशी होती. भात रटरटत होता.

"काय ओतलंस गो इस्त्रीत?"

तिनं मान वर केली नाही. "पेज."

"पेज? यंत्रात? पेज?"

"तुमीच ओरडत होता. लिबलिबीत, लिबलिबीत. म्हटलं वाफेबरोबर खळ पण लागेल. गाळून ओतत होते. पहिल्यांदा झाला की शर्ट कडक! तवा गप बसलात."

सुदामचं डोकं फिरलं. काय बोलावं आणि किती बोलावं हे त्याला सुचेना, म्हणून सगळंच बोलला. माणसाच्या तोंडचा घास यंत्रात नासवलास, महिना महिना टाकी धुतली नाहीस, आत किडे पडले असते, माझी खर्डीला अब्रू गेली, पोरगा माझ्यावर रुसला, उद्या मुरबाडला मी सरपंच आणि इथं मोरीत ही कुजकी घाण! शी! एवढं शी तो त्या दिवशी बोलला की शेजारची कोंबडी दारातून परत गेली. गोदी चूल बघत राहिली.

"पेज द्यायचीच होती तर आधीसारखी द्यायची होतीस ना! घमेल्यात! कोणी नको म्हटलं होतं?"

गोदीनं चुलीत लाकूड सारलं.

"चल. आताच कर. भात वेळलास की पेज काढ, नवा शर्ट भिजव, पीळ, वाळत टाक. संध्याकाळपर्यंत वाळेल. मी कोळशाची इस्त्री काढतो माळ्यावरनं."

गोदीनं भात वेळला, पेज गाळली, गार पाणी घालून कोमट केली. शर्ट बुचकळला. सुदाम माळ्यावरून इस्त्री घेऊन उतरला तेव्हा ती घमेल्यापुढं बसून शर्ट पिळत होती. म्हणजे पिळायचा प्रयत्न करत होती. शर्टाचा पीळ हातातून सुटत होता. ती पुन्हा धरत होती, पुन्हा सुटत होता. पेज निथळायच्या ऐवजी तिच्या कोपरांवरून ओघळत होती.

"नीट धर की!"

"धरते."

"अगो, मूठ आवळ!"

तिनं आवळली. मूठ मिटलीच नाही. सुदामनं बघितलं. बोटांची पेरं सुजून गाठी आल्या होत्या, अंगठा एका बाजूला कलला होता, आणि बोटं अर्ध्यातच अडकल्यासारखी थांबली होती. हे आजचं नव्हतं, कालचंही नव्हतं.

"कवापासनं हाय हे?"

"लावणीपासनं."

"लावणीपासनं? आता माघ आला! सांगायला तोंड नव्हतं?"

गोदीनं शर्ट घमेल्यात ठेवला. आणि मग ती जे बोलली ते रागानं नाही, रडत नाही, भाजीत मीठ किती घातलं हे सांगावं तसं बोलली. "तुमाला काय सांगू? तुमाला किळस येते. चिखल्या झाल्या तवा ताट ओढून घेतलंत. मग हे वाकडे हात दाखवले असते तर? पिळता येईना, म्हणून टाकीत ओतली."

आणि सवयीनं तिनं हात पदराखाली घेतले. पेजेचे ओले, तसेच.

सुदामला आठवलं. ताट ओढल्याचं, डावाचं, सगळं. त्याच्या मनात तेव्हा काहीच नव्हतं, हेच वाईट होतं. सहज बोलला होता. आणि त्या दिवसापासून ती एक हात पदराखाली ठेवून डावानं वाढत होती, चहाचा कप जमिनीवर ठेवून बाजूला होत होती, आणि याला वाटत होतं बायको स्वच्छतेला लागली.

तो घमेल्यापुढं बसला. "सरक."

"तुमाला नाय जमणार. बुळबुळीत लागतं हाताला."

"सरक म्हणतो ना."

त्यानं हात पेजेत घातले. शी! कोमट, चिकट, बोटांच्या मध्ये शिरणारी. त्याच्या मानेपर्यंत शहारा गेला. इतकी वर्षं कडक शर्ट घातला, पण तो कशातून निघतो ते हाताला कधी लागलं नव्हतं. शर्ट धरला, पिळला. मनगटं भरून आली. "अजून," गोदी म्हणाली. "अजून पिळा. असं नाय, उलटं." त्याला घाम फुटला. धट्टाकट्टा गडी तो, आणि एका शर्टानं त्याचा दम काढला.

आता इथं मी म्हटलं की शर्ट झकास झाला, तर मला कोणी विचारणारं नाही. पण नाही झाला. वाळत टाकताना ताणायचा असतो, ते याला कुठलं ठाऊक! गोदी सांगत होती तोवर दोरीच्या जागी घडी बसली. एक बाही पत्र्यासारखी, दुसरी फडक्यासारखी. पाठीवर पेजेचे गोळे वाळून पापुद्रे धरले. कोळशाच्या इस्त्रीनं ते काही बसले नाहीत. दुसरा शर्ट म्हणजे खर्डीचा, डागांचा. हा निदान पांढरा होता. डाग एक नव्हता, एवढंच.

मुरबाडला मैदान गच्च भरलं होतं. हेमंत मास्तरांनी त्याला वरून खाली बघितलं, मागून बघितलं, आणि तोंड कडू केलं.

"हे काय रे, सुदाम? म्हशीनं चघळला का शर्ट?"

"मी धुतला, मी इस्त्री केली, मास्तर. बायकोचे हात गेलेत. वर्षं झाली तीच करायची, आता तिला पिळता येत नाय."

एवढ्या चारचौघांत तो घरचं कधी बोलला नव्हता. मास्तर जरा गडबडले. पण पाहुणे समोर बसले होते, आणि मास्तरांना आपल्या मैदानाची शोभा राखायची होती. "आज नको मग," ते म्हणाले. "सरपंच म्हणून दुसऱ्याला उभा करतो. तू रेषेवर राहा. वाईट वाटून घेऊ नको."

वाईट वाटलं. का नाही वाटणार? ज्याची एवढी वर्षं वाट बघितली ती शिट्टी दुसऱ्यानं वाजवली. सुदाम रेषेवर उभा राहिला. पोरं शर्टाला हसली, हसू देत. सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या चढाईत एक पोरगा निसटून परत येताना त्याच्या पायाचं करंगळीएवढं टोक बाहेरच्या रेषेपलीकडे टेकलं. धुळीत. कुणाला दिसलं नाही. सुदामला दिसलं. त्यानं हात वर केला, पोरगा बाद झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि वर केलेला हात खाली घेताना त्याला स्वतःचीच अशी शिसारी आली की पिचकारीचीही कधी आली नव्हती. हे दिसतं. हे बरं दिसतं तुला!

परतीच्या एस.टी.ला थांबलेला असताना त्यानं रितेशला फोन केला. "इस्त्री चांगली हाय रे," म्हणाला. "माझंच चुकलं. आणि ऐक, तुझ्या आईचे हात दाखवायला शहापूरला न्यायचेत. तुला सुट्टी मिळते का बघ." रितेश "बघतो," म्हणाला.

दिवेलागणीला सुदाम घरी पोचला. हातपाय धुऊन पाटावर बसला. गोदीनं काय झालं ते विचारलं नाही, शर्ट बघूनच तिला कळलं असावं. तिनं ताट ठेवलं, एक हात पदराखाली घेतला आणि दुसऱ्या हातात डाव उचलला.

"डाव ठेव," सुदाम म्हणाला. "हातानं वाढ."

गोदीनं त्याच्याकडे बघितलं. मस्करी करतोय का ते बघितलं.

"वाढ गो. हातानं."

तिनं पदराखालचा हात बाहेर काढला, सुजलेला, वाकडा. पातेल्यात घातला, भात उचलला. मूठ मिटेना. अर्धा भात ताटात पडला, अर्धा ताटाबाहेर, सारवलेल्या भुईवर. ती थबकली, आता हा उठणार म्हणून. सुदामनं भुईवरची शितं बोटांनी गोळा केली आणि तोंडात टाकली.

"शी!" गोदी म्हणाली. "खालचं काय खाता?"